फोडणीचं ऐका

दोन चमचे तेल, पाव चमचा मोहरी, थोडं जिरं, चिमूटभर हिंग, चिमूटभर हळद आणि कढीपत्त्याची पाच-सहा पानं. शिजलेल्या तुरीच्या डाळीची आमटी व्हायला एवढी फोडणी पुरते आणि ती एका मिनिटात उरकते. त्या मिनिटात लोखंडी पळीत जे घडतं ते मात्र थक्क करणारं आहे. वाफेचे इवले इवले स्फोट होतात. एका झाडाने किड्यांसाठी जपून ठेवलेलं शस्त्र निकामी होतं. इराण-अफगाणिस्तानातल्या कोरड्या डोंगरांवरचा उग्र डिंक कांद्या-लसणासारखा दरवळू लागतो. पाण्यात ढिम्म न विरघळणारा पिवळा रंग तेलात क्षणात पसरतो. इतक्या कमी जागेत आणि इतक्या कमी वेळात एवढं सगळं करणारी दुसरी पाकक्रिया मला माहीत नाही.

आणि नव्याने स्वयंपाक करणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती याच मिनिटाची. कणीक सैल झाली तर पीठ घालता येतं, भाजी कच्ची राहिली तर आणखी वाफ काढता येते, पण फोडणी करपली की करपली. शिवाय तेल उडतं, मोहरी अंगावर येते, धूर होतो. घर सोडून शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं फोनवर विचारतात, ‘आई, किती वेळ ठेवू?’ आई म्हणते, ‘तडतडू दे, मग वास सुटला की पुढचं घाल.’ ऐकणाऱ्याला हे उत्तर मोघम वाटतं. मला ते अत्यंत अचूक वाटतं, कारण गॅसची आच, पळीची जाडी, तेलाचं प्रमाण या गोष्टी प्रत्येक घरात वेगळ्या. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापांत पाककृती देऊन कितीतरी घरांना स्वयंपाक शिकवला. जिन्नस असे मापात सांगता येतात. फोडणीचे सेकंद मात्र कुणालाच छापून देता येणार नाहीत. ते पळीच सांगते.

ती कशी सांगते हे कळायला आधी पाणी आणि तेल यांतला फरक पाहायला हवा. पाणी कितीही खळखळा उकळवा, उघड्या भांड्यात ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. वरची सगळी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. तेलाला हे बंधन नाही. ते १५०, १७०, २०० अंशांपर्यंत सहज तापतं. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, रिफाइंड तेल २३० च्या आसपास. म्हणून घाण्याचं तेल वापरणाऱ्यांनी आच जरा बेतानंच ठेवावी.

आपण ज्याला खमंग म्हणतो तो वास आणि ती चव बहुतेक १४० अंशांच्या पुढेच झपाट्याने तयार होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवलं की अमिनो आम्लं आणि शर्करा एकत्र तापवल्या की तपकिरी रंगाचे नवे पदार्थ तयार होतात. मायारचा ओढा शरीरातल्या प्रथिनांकडे होता, स्वयंपाकघराकडे नव्हे. पण भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, परतलेला कांदा, खरपूस खोबरं या सगळ्यांच्या मागे त्याचीच प्रक्रिया आहे. कुकरमध्ये डाळ कितीही मऊ शिजली तरी ती खमंग होत नाही. तिला तो खमंगपणा तेलाच्या वाटेनेच मिळतो, आणि तेल तो पळीत कमावतं.

आता मोहरी टाकू. मोहरीच्या दाण्यात टणक सालीच्या आत थोडासा ओलावा असतो. तेल पुरेसं तापलं की त्या ओलाव्याची वाफ होते, साल ताण सहन करू शकत नाही आणि दाणा फुटतो. तेच तडतडणं. म्हणजे मोहरी हा तापमापक आहे. तेल कोमट असेल तर ती तळाशी गप्प बसून राहते. तेल योग्य तापलं असेल तर एखादा दाणा उडतो, मग चार, मग एकदम सरी कोसळाव्यात तसा आवाज येतो आणि हळूहळू विरळ होत जातो. विरळ व्हायला लागला की पुढचा जिन्नस घालायची वेळ झाली. तेल जास्त तापलं असेल तर मोहरी पडताक्षणी उसळते आणि काळी पडते. अशा वेळी पळी आचेवरून उचलायची, बस. थर्मामीटर विकत आणणाऱ्या स्वयंपाक्याला जे कळतं ते आपल्याला पाव चमचा मोहरीत कळतं.

पण मोहरीची खरी गंमत तिच्या दुहेरी स्वभावात आहे, आणि ती कळली तेव्हा मी मोहरीकडे पुन्हा पूर्वीसारखं पाहू शकलो नाही. फोडणीतली मोहरी खाऊन पाहा. ती किंचित कडवट, दाण्यासारखी खमंग लागते. तिखट मुळीच नाही. तीच मोहरी कच्ची, थोड्या पाण्यात फेसून केळ्याच्या कोशिंबिरीत घाला, नाकात झणका बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं. दाणा एकच, मग असं का? मोहरीच्या दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एक सिनिग्रिन नावाचा निरुपद्रवी पदार्थ आणि दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर. किड्याने दाणा चावला की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि पाण्याच्या साथीने झणझणीत तेल तयार होतं. किडा पळतो. आपण पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये मोहरी फेसतो तेव्हा त्या किड्याचंच काम करत असतो. म्हणून फेसताना पाणी लागतं. आणि म्हणूनच तापलेल्या तेलात ही जादू होत नाही, कारण उष्णतेने विकर मरतं.

लोणच्याची फोडणी पूर्ण गार करूनच का ओतायची, याचं एक उत्तर इथे सापडतं. लोणच्यातल्या मोहरीच्या डाळीचा झणका टिकायचा असेल तर तिच्यातलं ते विकर जिवंत राहायला हवं. आपल्या आज्यांनी विकराचं नाव ऐकलं नव्हतं. फोडणी गार करण्याबाबत मात्र त्या तसूभरही ढिलाई खपवून घेत नसत.

मग हिंग. फेरुला जातीच्या झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला हा डिंक. भारत जगातला मोठा हिंगखाऊ देश आणि तरीही शतकानुशतकं आपण तो बाहेरूनच आणत आलो. पालमपूरच्या सीएसआयआरच्या संस्थेने हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लावली ती थेट ऑक्टोबर २०२० मध्ये. खडा हिंग नुसता हुंगला तर नाक मुरडावंसं वाटतं. त्यातली गंधकाची संयुगं कांद्या-लसणातल्या संयुगांच्या भाऊबंदकीतली आहेत. गरम तेलात पडताच त्यांचा उग्रपणा ओसरतो आणि खाली उरतो तो परतलेल्या कांद्या-लसणाची आठवण करून देणारा भरीव वास. ज्या घरांत सणावाराला किंवा एरवीही कांदा-लसूण चालत नाही तिथे हिंगाची डबी कधी रिकामी का नसते ते लक्षात येतं. दुकानातल्या हिंग पावडरीत पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, त्यामुळे ती खड्यापेक्षा जरा जास्त लागते आणि पिठामुळे करपतेही लवकर.

हळद आणि लाल तिखट नेहमी शेवटी. कारण अगदी साधं आहे: दोन्ही बारीक दळलेली, कणाकणाला चहूबाजूंनी तेल भिडतं, त्यामुळे जे व्हायचं ते दोन-तीन सेकंदांत होतं. गॅस बंद करून घातली तरी चालतात, किंबहुना तसंच करावं. हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात मात्र सुरेख विरघळतो. एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. चिमूटभर हळद वाटीभर पाण्यात घाला आणि चिमूटभर चमचाभर गरम तेलात. पाण्यातली गढूळ होऊन तळाशी बसेल, तेलातली झगझगीत सोनेरी होईल. याच कर्क्युमिनला साबण किंवा चुना लागला की ते लाल होतं. शर्टावरचा आमटीचा डाग धुताना लाल का झाला, आणि हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू कसं करत आले, या दोन्हींचं उत्तर एकच. तो डाग उन्हात वाळवा. सूर्यप्रकाशात कर्क्युमिन टिकत नाही.

मिरचीचंही तसंच. तिचा लाल रंग तेलात विरघळतो, तिचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिनही तेलात विरघळतं. मिसळीवर तरंगणारी तर्री म्हणजे दुसरं काय? मिरचीने आपलं जे काही तेलाला दिलं ते पाण्यात न मिसळता वर आलं, इतकंच. म्हणून तर्री वरून जितकी घ्याल तितका ठसका. म्हणून तिखट लागल्यावर पाणी प्यायल्याने फारसा उपयोग होत नाही आणि दूध, दही, ताक लगेच दिलासा देतं. ब्याडगी मिरची रंगाने गडद आणि तिखटाला सौम्य असते, लवंगी याच्या उलट. दोन्ही थोडी थोडी वापरली की रंग आणि झणका हवा तसा साधतो. ही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यावर चालत होता.

तिखट ही जिभेची चव नाही, ती भाजल्याची भावना आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली मज्जातंतूंवरचं ते द्वार शोधलं जे कॅप्सेसिननेही उघडतं आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या दोघांपैकी ते एक. म्हणजे ‘जीभ भाजली’ असं आपण मिरची खाऊन म्हणतो तेव्हा मेंदूपुरतं ते शब्दशः खरं असतं. पक्ष्यांचं हे द्वार कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट हिरवी मिरची चवीने का खातो, ते यामुळे. बरेच पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात. दाढांनी बी चिरडणाऱ्या सस्तन प्राण्यांना मिरचीने तिखटाने दूर ठेवलं. माणूस तेवढा हटला नाही.

आता ज्या उडण्याची एवढी भीती वाटते त्याकडे येऊ. ओला कढीपत्ता तेलात पडला की जो चुर्र आवाज होतो आणि शिंतोडे उडतात, त्याला कारण पाणी. पाणी तेलापेक्षा जड, ते तेलाखाली जातं, तिथे शंभराच्या कितीतरी वर तापमान असतं, आणि थेंबाची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. ती जागा मिळवण्यासाठी ती वरचं तेल उडवते. एवढं कळलं की उपाय हाताशी येतो. कढीपत्ता धुतल्यावर फडक्यावर कोरडा करायचा, मिरचीचे तुकडे पुसून घ्यायचे, पळीवर क्षणभर झाकणी धरायची. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात प्रत्येकाला ठाऊक असावी: तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवायचं. वर सांगितलेला १,७०० पटींचा हिशेब तिथे जीवघेणा ठरतो.

फोडणी आमटीवर ओतली की लगेच झाकण ठेवण्याची पद्धत आहे. तीही नुसती सवय नाही. फोडणीचा जो वास घरभर जातो तो म्हणजे आमटीतून निसटणारी चवच. झाकण ठेवलं की ती वाफेबरोबर झाकणाला लागते, निवते आणि परत खाली ठिबकते.

चव निसटते म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना २०२०-२१ मध्ये फार कठीण रीतीने कळलं. कोविडमध्ये वास गेला आणि जेवण माती झालं. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि ज्याला जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी म्हटलं ती पाचवी चव, एवढंच. बाकी सारं नाकाचं काम आहे, आणि तेही घास गिळताना घशाच्या मागून वर जाणाऱ्या वासाचं. नाक घट्ट दाबून चिमूटभर जिरं चावा. भुसा चावल्यासारखं वाटेल. मग नाक सोडा. जिरं एकदम ‘येतं’. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा.

नाकावर इतका विसंबून स्वयंपाक करता येतो याचा सगळ्यात सुंदर पुरावा आपल्या घरांतच आहे. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, उष्टा होतो. पुरणावरणाच्या दिवशी कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर, चटणी, खीर, सगळं न चाखता रांधलं जातं, आधी देवापुढे ठेवलं जातं आणि मगच पानात वाढलं जातं. त्यात मीठ बरोबर असतं, आंबटगोड बरोबर असतं. मला हे नेहमीच अद्भुत वाटत आलं आहे. चिमटीला, डोळ्याला, कानाला आणि नाकाला वर्षानुवर्षांच्या रांधण्याने आलेली ही जाण आहे. त्या बायकांच्या कौशल्याचं आपण पुरेसं कौतुक केलेलं नाही.

एरवी मात्र चाखावं, आणि न लाजता दोन-तीनदा चाखावं. आमटी सपक लागली की हात आपोआप मिठाकडे किंवा तिखटाकडे जातो. माझं मत असं की निम्म्या वेळा तिला आंबट हवं असतं. एक आमसूल, चिंचेचा थोडा कोळ, लिंबाचे चार थेंब, आणि जी चव दबून होती ती उठून येते. मिठाचं काम तर खारटपणाच्या पलीकडचं आहे. ब्रेस्लिन आणि बोशां या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की सोडियम कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडी मोकळी होते. कारल्याला आधी मीठ चोळून ठेवतात, मेथीच्या भाजीला मीठ कमी पडलं तर ती कडू लागते, हे आपल्याला ठाऊकच होतं.

आंबटाची वेळही महत्त्वाची. चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावं. आम्लामुळे डाळीच्या आणि भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारा सांधा लवकर सुटत नाही आणि डाळ कितीही उकळली तरी कणकण राहते. बटाट्याच्या रश्शात चिंच आधी पडली तर बटाटा दडदडीत राहतो, तो याच कारणाने.

सगळ्याच चवी तेलातून येतात असा मात्र नियम करू नये. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कढीत तिरफळं घालतात ती फोडणीत नाही, जरा ठेचून थेट रसात. त्यांची जिभेवरची झिणझिण त्यांच्या चिनी भावाची आठवण करून देते. त्या सिचुआन मिरीवर लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोग केले. ती ओठांवर लावली की सेकंदाला साधारण ५० कंपनं होत असल्याचा भास होतो. आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल? ते फूल नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र संसार थाटून दगडावर, झाडाच्या सालीवर वाढवलेलं ते एक शैवाक आहे. कोरडं हुंगलं तर मातकट, फारसा वास नसलेलं. थोड्या तेलात परतलं की त्यातून जंगलासारखा, धुरासारखा खोल वास निघतो आणि गोडा मसाला गोडा मसाला होतो. पहिल्यांदा ते तेलात परतून पाहणाऱ्या माणसाच्या धाडसाला मी मनोमन नमस्कार करतो.

आजच्या स्वयंपाकघरांत एक अडचण नव्याने आली आहे. चिमणी आणि एक्झॉस्ट पंखा. मिरचीचा खाट निघून जायला ते हवेतच, पण त्यांच्या घरघरीत मोहरीचा आवाज ऐकू येत नाही आणि वास नाकापर्यंत पोचायच्या आत बाहेर ओढला जातो. शिकणाऱ्याची दोन्ही इंद्रियं तिथेच बंद होतात. फोडणीच्या मिनिटापुरती चिमणी बंद ठेवा, तिखट पडलं की चालू करा. फोनवरचा व्हिडिओही तेवढ्यापुरता थांबवा.

आणि घरात कुणी नव्याने स्वयंपाक शिकत असेल, मुलगा असो की मुलगी, तर पहिल्याच दिवशी पोळ्या लाटायला लावू नका. गोल पोळी यायला महिने लागतात आणि तोवर हुरूप जातो. त्याला पळी द्या, दोन चमचे तेल द्या, मोहरी द्या. दोन-तीनदा फोडणी करपू द्या, त्यात चार रुपयांचं नुकसान आहे. आठवड्याभरात त्याला कान आणि नाक येईल, आणि मग पिठलं, आमटी, भाजी, पोहे, उपमा यांतलं काहीही त्याला परकं राहणार नाही.